यकृताचे दुखणे आणि करोना
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत वाचलेले भाषण)



मला बोलायला उभे राहा म्हणून सांगितले तेव्हा मी नकोच म्हटले होते. माझे शिक्षण सातवीपर्यंत झालेले. हळदीकुंकवाला उखाणा घेणे वेगळे आणि सभेत बोलणे वेगळे. पण आपल्या चिटणीसबाई म्हणाल्या, "पदार्थ सांगणाऱ्या आपल्याकडे पुष्कळ आहेत. तुम्ही घरात जे दुखणे काढले ते सांगा." तेव्हा मी वहीत लिहून आणले आहे, तेच वाचते. चुकले तर सांभाळून घ्यावे.

विषय असा, की ज्या माणसाला आधीपासून यकृताचा विकार आहे, त्याला करोना झाला तर काय होते. यकृत म्हणजे आपण ज्याला लिव्हर म्हणतो ते. यातले सगळेच मला घरबसल्या कळलेले नाही. आमच्या थोरल्या जाऊबाईंना तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंना मी विचारून विचारून भंडावले आहे, वर्तमानपत्रांतील कात्रणे ठेवली आहेत, आणि इंग्रजीतले जे होते ते माझ्या मुलीने वाचून मला मराठीत सांगितले आहे.

कुणी म्हणेल, करोना गेला, आता हे कशाला? जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी आणीबाणी संपली असे जाहीर केले हे खरे. पण जंतू कुठे गेलेला नाही. २०२५ च्या मे महिन्यात मुंबई-ठाण्याकडे पुन्हा रुग्ण सापडू लागले होते, ते आपल्याला आठवत असेल. धडधाकट माणसाला आता तो सर्दीतापासारखा येऊन जातो. ज्याचे यकृत आधीच खचले आहे, त्याला मात्र कोणताच ताप साधा नसतो. आणि अशी माणसे आपल्या तिन्ही गावांत, अंबरनाथला, बदलापूरला, उल्हासनगरला, घरोघर आहेत. ती दिसत नाहीत याचे कारण घरची मंडळी ती दिसू देत नाहीत. त्याविषयी मला मुख्यतः बोलायचे आहे.

आधी यकृताचे काम सांगते. उजव्या बरगड्यांखाली हा अवयव असतो. घरात जसे स्वयंपाकघर आणि कोठीची खोली, तसे शरीरात यकृत. आतड्यांतून आलेले सारे रक्त आधी तेथे जाते, तेथे निवडले-पाखडले जाते, विषारी असेल ते बाजूला काढले जाते, साखरेचा साठा होतो, पित्त तयार होते. रक्त गोठण्यासाठी लागणारी द्रव्ये आणि जंतूंशी लढण्याची पुष्कळशी सामग्रीही तेथेच तयार होते. आपण पोटात घेतलेली औषधेही बरीचशी तेथेच जिरतात. हे यकृत मोठे सोशिक आहे. निम्मे बिघडले तरी ते कुरकुर करीत नाही. दारू, काविळीचे बी आणि सी हे जंतू, अंगावर चढलेली चरबी, मधुमेह, असे काहीतरी वर्षानुवर्षे त्याला छळते, आणि मग त्यात वण पडत जातात. करपलेल्या भाताचा थर पातेल्याला धरून बसतो तसे ते कडक आणि गाठाळ होते. त्याला डॉक्टर सिरॉसिस म्हणतात. पुढे पोटात पाणी होते, ज्याला आपली जुनी माणसे जलोदर म्हणत. अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात, डोळे पिवळे होतात, माणूस बरळू लागतो.

आता करोनाचा जंतू मुख्यतः फुप्फुसाला धरतो. पण यकृतालाही तो सोडत नाही. इस्पितळात दाखल झालेल्या पुष्कळ रुग्णांच्या रक्तात एसजीओटी, एसजीपीटी हे आकडे वाढलेले सापडले. ज्यांचे यकृत चांगले होते त्यांचे हे आकडे बहुधा दुखणे ओसरल्यावर आपोआप खाली आले. ज्यांना आधीच सिरॉसिस, त्यांची गोष्ट निराळी. प्राणवायू कमी पडला की यकृताची उपासमार होते. तापाने, उलट्या-जुलाबांनी अंगातले पाणी आटते, त्याने मूत्रपिंडे मंदावतात. पोटातील पाण्याने खालून छाती आधीच दाबलेली, त्यात वरून फुप्फुसे सुजलेली. आणि जंतूंशी लढायची शिबंदी मुळातच अपुरी. घराला आधीच तडा गेलेला आणि त्यात पाऊस लागून राहिलेला, तसे होते.

परदेशांतील डॉक्टरांनी २०२० साली अशा रुग्णांची एक मोठी नोंदवही केली. २९ देशांतील ७४५ यकृतरुग्ण तीत होते. ज्यांना यकृताचे दुखणे होते पण सिरॉसिस नव्हता, त्यांच्यापैकी शंभरात ८ दगावले. सिरॉसिस असलेले शंभरात ३२ दगावले. सिरॉसिसच्याही तीन पायऱ्या डॉक्टर मानतात, अ, ब आणि क. पहिल्या पायरीवरचे शंभरात १९, दुसऱ्या पायरीवरचे ३५, आणि शेवटच्या पायरीवरचे ५१ गेले. म्हणजे निम्म्याहून अधिक. हे आकडे ऐकून कुणी घाबरून जाऊ नये. ते लस येण्यापूर्वीचे आहेत, आणि त्या वहीत बहुतेक नोंदी इस्पितळात भरती झालेल्यांच्या आहेत. घरीच बरे झालेले त्यांत फारसे आले नाहीत. पण पायरी पायरीने धोका कसा चढत जातो ते त्यावरून कळते. "लिव्हर खराब आहे" एवढे म्हणून भागत नाही, कोणत्या पायरीवर आहे ते आपल्या डॉक्टरांना विचारून ठेवले पाहिजे.

त्याच नोंदवहीतील आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. सिरॉसिसच्या रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांचे यकृताचे दुखणे करोनात एकाएकी उसळले, पाणी वाढले, भ्रम झाला. आणि असे ज्यांचे झाले, त्यांतील पाचापैकी एकाला ना खोकला होता ना दम. म्हणजे करोना आला तो यकृताच्या दारानेच आला. आपण खोकल्याची वाट पाहत बसलो तर फसलोच.

हे मी नुसते वाचलेले सांगत नाही. आमच्या थोरल्या जाऊबाई बदलापूरला राहतात. आम्ही त्यांना अक्का म्हणतो. त्यांच्याच परवानगीने बोलते. अक्कांच्या पहिल्या बाळंतपणात, १९९३ साली, रक्त फार गेले म्हणून त्यांना दोन बाटल्या रक्त चढवले होते. त्या काळी रक्तपेढ्यांतून सी जातीच्या काविळीची तपासणी होत नसे. ती आपल्या देशात सक्तीची झाली २००१ साली. त्या रक्तातूनच जंतू आला असावा असे डॉक्टर म्हणतात. पंचवीस वर्षे काही कळले नाही. २०१८ साली पोट फुगू लागले, पाय सुजले, तेव्हा तपासण्या झाल्या आणि सिरॉसिस निघाला. सरकारची काविळीविरुद्धची राष्ट्रीय योजना २८ जुलै २०१८ रोजी सुरू झाली होती, तीत गोळ्या फुकट मिळतात. त्या गोळ्यांनी जंतू गेला. पण पडलेले वण तसेच राहिले.

अक्कांनी उभ्या जन्मात दारूचा थेंब पाहिलेला नाही. तरी घरात ठरून गेले, की बाहेर विचारले तर "पोटाचा विकार" म्हणायचे. लिव्हर म्हटले की समोरच्याच्या डोळ्यांत पहिला प्रश्न येतो तो दारूचाच. सोयरीक जुळवायची मुलगी घरात होती. थोरले दीर तर सोनोग्राफीचे कागद कपाटात साड्यांच्या खाली ठेवीत. मी त्यांना दोष देत नाही. आपला समाजच असा आहे. एखाद्या बाईला बी जातीची कावीळ आहे म्हटले की तिचे ताटवाटी वेगळे करणारी माणसे मी पाहिली आहेत. ती कावीळ एका ताटात जेवल्याने होत नाही, तरी करतात.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि लोकल गाड्या बंद झाल्या. आपल्याकडच्या माणसांचा मोठा दवाखाना म्हणजे मुंबई, आणि मुंबई म्हणजे लोकल. जूनच्या मध्यावर गाड्या सुरू झाल्या त्या अत्यावश्यक कामाच्या लोकांसाठी. बायकांना २१ ऑक्टोबर २०२० पासून दुपारी आणि रात्री मुभा मिळाली. अक्कांना दर दोन महिन्यांनी परळला तपासणीला जावे लागे. सात महिने जाणे झाले नाही. नशिबाने डॉक्टरीणबाई फोनवर बोलत. त्यांनी एक गोष्ट सांगितली, रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर वजन करा आणि वहीत लिहा. जेवण कमी आणि वजन वाढतेय, म्हणजे पाणी साचतेय. तराजू कुठला असणार? शेजारच्या किराणावाल्याने गोण्या तोलायचा काटा दिला. त्यावर अक्का रोज उभ्या राहत, आणि तो बिचारा रोज हसून म्हणे, "ताई, आज भाव उतरला."

त्या दिवसांत मिठाने फार घोळ केला. भाजी मिळेना, तेव्हा पापड, लोणचे, सुके बोंबील यांवर घरे चालली. पाणी झालेल्या रुग्णाला मीठ म्हणजे वैरी. उल्हासनगरच्या सिंधी भगिनी येथे बसल्या आहेत, त्यांनी माझ्यावर रागावू नये, त्यांच्या पापडासारखा पापड कुठे नाही, पण अक्कांच्या ताटातून तो आम्ही काढलाच. उलट डाळ, दही, अंडे मात्र बंद करू नका असे डॉक्टरीणबाईंनी बजावले. पूर्वी अशा रुग्णाला नुसता उसाचा रस आणि उकडलेले पाणचट अन्न देत. आता सांगतात, की त्याचे मांस झडू देऊ नका, आणि रात्री निजण्यापूर्वीही काही खायला द्या, फार तास उपाशी ठेवू नका. आपल्या उपासतापास करणाऱ्या बायकांना हे पटवणे सोपे नाही. अक्कांनी संकष्टी सोडली, पण आठ दिवस माझ्याशी धड बोलल्या नाहीत.

मग लस आली. १ मार्च २०२१ पासून साठीच्या पुढच्यांना, आणि ४५ ते ५९ वयाच्या ज्यांना मोठे आजार आहेत अशांना लस देण्याचे सरकारने ठरवले. वीस आजारांची यादी होती. पोटात पाणी होण्याच्या पायरीला गेलेला सिरॉसिस तीत होता, यकृत बदललेले रुग्णही होते. मात्र डॉक्टरांचा दाखला आणायचा होता. अक्का तेव्हा ५१ वर्षांच्या. दीर म्हणाले, महिना-दोन महिने थांबू, मग सगळ्यांनाच मिळेल. केंद्रावर गावातली ओळखीची माणसे, टेबलावर दाखला ठेवायचा, त्यावर लिव्हर लिहिलेले. माझी मुलगी त्यांना म्हणाली, "मोठे बाबा, लोकांना कळू नये म्हणून काकूला एक महिना उघडी ठेवायची का?" त्यावर कुणी बोलले नाही. संध्याकाळी अक्काच उठल्या आणि म्हणाल्या, "मला पिणारी म्हणतील, दुसरे काय म्हणतील? म्हणू देत." मार्चच्या मध्यावर त्यांनी पहिली लस घेतली. दाखला कुणी वाचला सुद्धा नाही. तेथील परिचारिकेने पाहिला, शिक्का मारला आणि पुढच्याला हाक मारली.

दुसरी लस व्हायच्या आधीच, एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, अक्का आजारी पडल्या. दुसरी लाट होती, प्राणवायूसाठी काय धावपळ चालली होती ते आपण सर्वांनी पाहिले आहे. एका संध्याकाळी अंग कोमट, बस्. खोकला नाही, दम नाही. वहीत मात्र चार दिवसांत वजन दोन किलोंनी वाढलेले. तिसऱ्या दिवशी त्यांनी चहात मीठ घातले आणि सुनेला आपल्या सासूच्या नावाने हाक मारली. हात पुढे धरले तर पाखराच्या पंखांसारखे फडफडत होते. घरातले म्हणाले, अशक्तपणा आहे, झोप झाली नाही. कुणी दृष्ट काढायचेही सुचवले. मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या, शौचाला होते का, आणि बोटाला लावायच्या यंत्रात किती येते. शौचाला दोन दिवस झाले नव्हते. यंत्रात आले ९१. त्या म्हणाल्या, आत्ता निघा, वाटेत करोनाची तपासणी करा.

निघताना मी वहीतले एक पान फाडून घेतले. त्यावर आम्ही आधीच लिहून ठेवले होते, आजार कोणता, केव्हापासून, कोणत्या गोळ्या किती वाजता, कोणते औषध सोसत नाही, गेल्या तपासणीतले आकडे, डॉक्टरीणबाईंचा फोन. मुलीने तेच इंग्रजीत उतरवले होते. ज्या डॉक्टरांनी अक्कांना दाखल करून घेतले त्यांनी ते पान केसपेपरालाच टाचले. अक्का तेव्हा आपले नावही नीट सांगत नव्हत्या, आणि नातेवाइकाला आत जाऊ देत नव्हते. त्या पानानेच त्यांच्या वतीने बोलायचे होते. करोनात द्यायचे स्टेरॉइड सुरू करण्यापूर्वी तेथल्या डॉक्टरांनी बी काविळीची तपासणी करून घेतली, कारण ती अंगात दडून असेल तर स्टेरॉइडने उसळते. पोट साफ होण्याचे औषध चालू ठेवले. अकराव्या दिवशी अक्का घरी आल्या. एका लसीने वाचल्या, की औषधांनी, की त्या पानाने, हे मी सांगू शकत नाही. आजही त्या आहेत, सांभाळून आहेत.

दुसरी गोष्ट सांगायची की नाही याचा मी फार विचार केला. पण त्या घरच्या बाईंनीच मला म्हटले, माझे नाव घेऊ नका, पण सांगा. आमच्या मागच्या आळीतील हे गृहस्थ कारखान्यात होते. वय ४४. पीत असत, लपून राहिलेले नव्हते. लिव्हर बिघडले आहे, एकदा रक्ताची उलटी झाली आहे, हे मात्र घरच्या दोघांनाच ठाऊक. २०२० च्या टाळेबंदीत दुकाने बंद झाली तेव्हा महिनाभर सुटली होती. ४ मे रोजी दुकाने उघडायला परवानगी मिळाली आणि पुन्हा लागली. दुसऱ्या लाटेत त्यांना करोना झाला. बेड मिळाला तोच मुश्किलीने. लिव्हरचे सांगितले तर "दुसरीकडे न्या" म्हणतील, शिवाय दारुडा म्हणून नीट पाहणार नाहीत, या भीतीने घरच्यांनी "काही आजार नाही" असे लिहून दिले. करोनात रक्ताच्या गुठळ्या होतात म्हणून रक्त पातळ राहण्याची इंजेक्शने देत असत, तशी त्यांना चालू होती. चौथ्या दिवशी रक्ताची मोठी उलटी झाली. डॉक्टरांनी बाहेर येऊन विचारले, "पूर्वी असे झाले होते का?" तेव्हा त्या बाईंनी हो म्हटले. त्या रात्री ते गेले.

सांगितले असते तर वाचले असते, असे मी त्या बाईंना कधी म्हटले नाही आणि आज येथेही म्हणत नाही. फुप्फुसेही फार खराब होती. दारूने झालेले यकृताचे दुखणे असले की करोनात धोका अधिक, हे त्या परदेशी नोंदवहीतही आले आहे. पण त्या बाई चार वर्षे रात्री उठून बसतात, ते त्या एका "नाही" साठी. दारूने झालेले दुखणे हेही दुखणेच आहे. त्याला नावे ठेवणारी आपणच जीभ आहोत, म्हणून ते घर गप्प बसले. त्यांची लाज काही त्यांनी एकट्यांनी निर्माण केलेली नव्हती.

आता काढ्याविषयी. येथे पुष्कळजणींच्या कपाळाला आठ्या पडतील, पण बोलते. करोनाच्या वर्षी गुळवेलीचा रस, गोळ्या, काढा घरोघर चालला होता. प्रतिकारशक्ती वाढते म्हणून. मुंबईच्या जसलोक इस्पितळातील यकृततज्ज्ञ डॉ. आभा नगराळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली सहा रुग्णांची हकीकत छापली. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळात हे सहाजण काविळीने आले, आणि सर्वांनी गुळवेल घेतली होती. आयुष मंत्रालयाने हे मानले नाही. झाडाची नीट ओळख पटवलेली नाही, गुळवेलीसारखी दुसरी वेल असू शकते, असे त्यांचे म्हणणे पडले. पुढे २०२२ साली देशातील तेरा ठिकाणच्या डॉक्टरांनी मिळून अशा ४३ रुग्णांची माहिती छापली. हा वाद मिटवणारी मी कोण? आमच्या आजीने गुळवेल दिलेली आहे आणि आम्ही जगलो आहोत. पण माझे म्हणणे एवढेच, की ज्याचे यकृत आधीच दुखावलेले आहे त्याला शेजारणीच्या सांगण्यावरून काही देऊ नये, मग ती मुळी असो की गोळी. आपल्या बाजारात वेल म्हणून काय बांधून देतात ते आपल्याला तरी कुठे कळते? काविळीची माळ घालणारे आणि नाकात रस पिळणारेही या तीन गावांच्या आसपास अजून आहेत. त्यांच्याकडे जाण्यात जे चार दिवस जातात ते परत येत नाहीत.

इंग्रजी गोळ्यांचेही तसेच. तापाला पॅरासिटामोल देतात, ती यकृतरुग्णालाही चालते, पण मापाने. सिरॉसिस असेल तर दिवसाकाठी दोन ग्रॅमच्या आत ठेवा असे बहुतेक डॉक्टर सांगतात. म्हणजे पाचशेच्या चार गोळ्या, साडेसहाशेच्या तीनच. सर्दीच्या तयार गोळ्यांतही तेच औषध मिसळलेले असते, ते मोजायचे राहून जाते. अंगदुखीच्या ब्रुफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या मात्र अशा रुग्णाने घेऊच नयेत, त्याने मूत्रपिंडे बसतात आणि रक्तस्राव होतो. बी काविळीच्या रोजच्या गोळ्या, यकृत बदललेल्यांच्या गोळ्या, या करोना झाला म्हणून आपल्या मनाने बंद करू नयेत. यकृत बदललेल्या १५१ रुग्णांची २०२० साली पाहणी झाली होती, त्यांच्यात करोनाने मरणाचे प्रमाण इतर रुग्णांहून जास्त आढळले नाही. मला तर याचे फार नवल वाटले.

शेवटी आपल्यापैकी पुष्कळजणींचे. सोनोग्राफीच्या कागदावर "फॅटी लिव्हर" असे लिहून येते आणि आपण तो कागद देवघराच्या खणात टाकतो. नुसत्या चरबीने करोनात फार मोठा धोका वाढतो असे नाही. पण चरबीबरोबर वजन आणि मधुमेह असतो, आणि त्या दोघांनी करोनात पुष्कळ बळी घेतले. शिवाय आजची चरबी उद्याचा वण होऊ शकते. तेव्हा एकदा तो कागद काढून डॉक्टरांना दाखवा, साखर तपासा. यकृताचा रुग्ण घरात असेल तर पावसाळ्यात पाणी उकळूनच द्या. उल्हास नदीला पूर येऊन गेला की नळाला कसे पाणी येते ते बदलापूरकरांना सांगायला नको, आणि आधीच्या दुखण्यावर पाण्यातून होणारी कावीळ म्हणजे करोनाइतकीच वाईट. करोनाची आणि फ्लूची लस आता केव्हा आणि कुणी घ्यावी हे ज्याच्या त्याच्या डॉक्टरांना विचारावे. घरातल्या कुणाला सर्दीताप असेल तर त्याने रुग्णाजवळ मुखपट्टी लावून जावे, एवढे तरी आपल्या हातचे आहे.

अक्कांच्या वहीतल्या त्या पानासारखे कोरे कागद माझ्या मुलीने छापून आणले आहेत. आजार, औषधे, आकडे, डॉक्टरांचा फोन, यासाठी जागा सोडली आहे. दाराजवळच्या टेबलावर ठेवले आहेत, जाताना घ्यावेत. ज्यांना लिहिण्याची अडचण असेल त्यांनी बुधवारी दुपारी तीननंतर मंडळात यावे, मी लिहून देईन. कागदावर नाव घातलेच पाहिजे असे नाही, घरी गेल्यावर घाला. मी कुणाचे काही कुणाला सांगणार नाही.